जर-तरवाला दस्तगीर

आमच्या गल्लीत बातमी उठली, की दस्तगीर मुजावरनं बायको कानडी निघाली म्हणून तिला सीमेपलीकडं हाकलून दिलं. ही बातमी बाळासोनं तालमीच्या कट्ट्यावर सोडली. नळावर पोचेपर्यंत तिला पाय फुटले, आणि पिठाच्या गिरणीत तर एका बाईनं सलिमाला ट्रंक घेऊन रडत जाताना डोळ्यांनी बघितलंसुद्धा.

यातलं खरं एवढंच, की सलिमा घरात नव्हती. ती कानडी नव्हती, तिला कुणी हाकललं नव्हतं, आणि ट्रंक नव्हती, वेताची पेटी होती. ती एसटी स्टँडपर्यंत मीच धरली होती, त्यामुळं मला जास्त ठाऊक. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्या महिन्यात बेळगावला गेली. आणि दस्तगीर कुणाला हाकलणार? त्या माणसानं आयुष्यात मांजर हाकललेलं नाही. मांजर पातेल्यात तोंड घालत असलं तरी हा विचार करत उभा राहतो, की जर हाकललं तर ते कुठं जाईल, आणि नाही हाकललं तर किती पिईल. तोवर मांजर जेवून मिशा पुसत असतं.

शहाऐंशी सालची गोष्ट. दस्तगीर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटरवर होता. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच फाउंड्रीत साचे तपासायला. अख्खा कारखाना काळ्या मातीत लोळायचा आणि हा एकटा काचेच्या खोलीत, थंडगार, चपला बाहेर काढून. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता. चालायचा असा, की जमिनीला शॉक बसेल. खंडेनवमीला मालक हंबीररावांनी सगळ्या यंत्रांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा घातली. दस्तगीर हात जोडून म्हणाला, "साहेब, हळदकुंकू पडद्याच्या कडेला वाहिलं तर चालेल, पण जर बटणांवर पडलं तर..." तोवर हंबीररावांनी बटणांवर नारळाचं पाणी शिंपडलं होतं.

त्याचं बोलणं सगळं असंच. कोर्समध्ये म्हणे सगळं 'जर-तर-नाहीतर'मध्ये लिहायला शिकवतात. बाकीच्यांचं ते कॉम्प्युटरमध्येच राहत असेल, याच्या तोंडात आलं. डाव्या कानाची पाळी चोळायची, छताकडं बघायचं आणि भाजीवालीला सांगायचं, "जर कोथिंबीर ताजी असेल तर एक जुडी, नसेल तर राहू द्या, पण जर उद्या येणार असाल तर..." भाजीवाली टोपली उचलून पुढच्या गल्लीत. ही नक्कल मी इतकी बेमालूम करायची, की एकदा त्याच्या आईनं, इमामबीचाचीनं, आतून मला हाक मारली, "दस्तगीर, आलास व्हय रे?"

त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठला माल कुठल्या ट्रकमधून कुठं गेला, जाऊन येऊन किती किलोमीटर झाले, सगळं त्यात. त्यात केरबा सापडला. केरबा म्हणजे नेसरीचा ट्रक ड्रायव्हर, दारातून आत यायला आडवा होणारा. बेळगावच्या प्रत्येक खेपेला त्याचे किलोमीटर बाकीच्यांपेक्षा जास्त, कारण सरळ निपाणीवरून जायचं सोडून तो मुरगूड-गडहिंग्लज करत आपल्या गावाला जेवायला जायचा आणि तिकडून मागच्या वाटेनं बेळगाव गाठायचा. आता कुणीही काय केलं असतं? मालकाला सांगितलं असतं, नाहीतर केरबाला दम दिला असता. दस्तगीरनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: जर ड्रायव्हर केरबा असेल, तर जास्तीचे किलोमीटर बरोबर समजावेत. चोरी पकडली आणि चोराला घाबरून तिचा कायदा करून टाकला!

मग त्या जूनमध्ये सीमेवर पेटलं. बेळगाव कुणाचं, हा जुनाच वाद. पण आता मोर्चे, लाठ्या, संचारबंदी. एसटी बंद झाली, हायवेवर गाड्या अडवायला लागले. ज्यानं जन्मात कागलच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं त्या बाळासोनं कट्ट्यावर बसून बेळगाव रोज दोनदा जिंकलं. दस्तगीर दिसला की त्याला अडवायचा.

"काय मुजावर, सासरवाडी मराठी का कानडी? एक काय त्ये सांगा."

दस्तगीरनं कान चोळला. "घरात ते आपली आमच्यातली हिंदी बोलतात. बाहेर जर समोरचा मराठी असेल तर मराठी, कानडी असेल तर..."

"म्हंजे वारा तिकडं पाठ!" बाळासो ओरडला, आणि कट्टा हसला. मीही हसले. एवढं तयार वाक्य कोण सोडतं?

सोमवारी तार आली. बाळ आडवं आहे, शनिवारी ऑपरेशन, जावयांनी यावं. सलिमाच्या वडिलांना लकवा, भाऊ सौदीला. घरात एक म्हातारी आई आणि बाहेर संचारबंदी. दवाखान्यात सही करायला, औषधाला धावायला पुरुष माणूस नाही. ही तार वाचून माणूस काय करेल? मिळेल ते वाहन, नाहीतर पाय. दस्तगीर कागद घेऊन बसला.

गुरुवारी इमामबीचाची तो कागद घेऊन आमच्याकडं आली. तिला वाचता येत नाही.

"पोरी, बघ की गं काय ल्हिलंय. चार दिस झालं, चौकोन काढतोय आनि बाण मारतोय. बेळगावचा नकाशा हाय काय?"

वरच्या चौकोनात लिहिलं होतं, 'बेळगावला जाणे.' त्याच्याखाली, 'एसटी चालू आहे का?' नसेल तर बाण, 'उद्या चौकशी करणे.' मग 'टॅक्सीवाला तयार आहे का?' नसेल तर उद्या चौकशी करणे. 'नाका उघडा आहे का?' उद्या चौकशी करणे. आणि त्या 'उद्या चौकशी'तून एक लांबलचक बाण कागदाच्या कडेकडेनं वर चढून परत पहिल्या चौकोनात. पट्टीनं आखलेला! सलिमा तिकडं दिवस मोजतेय आणि हा इकडं पट्टी लावतोय.

मी कान चोळत, छताकडं बघत, सगळा कागद त्याच्या आवाजात वाचला. चाची पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता थांबली.

"म्हंजे त्यो जातोय का न्हाई?"

"फिरतोय, चाची. जाग्यावर."

"आनि सलिमा? ती कुठल्या चौकोनात हाय?"

मी कागद उलटासुलटा करून बघितला. सलिमा कुठल्याच चौकोनात नव्हती. चाची उठली आणि कागद तिथंच विसरून गेली.

संध्याकाळी मी तो कागद घेऊन आमच्या पायरीवर चार पोरींना प्रयोग करून दाखवत होते. पोरी एकदम माझ्या मागं बघायला लागल्या. मागं दस्तगीर, लुना हातात धरून. रागवला नाही, रागवायलाही त्याला दोन अटी लागतात.

मी म्हटलं, "दस्तगीरभाई, तुमी जात न्हाईसा. लावतो पैज!"

"काय पैज?"

"शनवारी ऑपरेशनच्या आदी पोचलासा, तर पोचल्यापास्नं महिनाभर मी कुणाचीच नक्कल करणार न्हाई."

"आणि जर नाही पोचलो?"

"तर हितंच, अख्ख्या गल्लीम्होरं, तुमची करणार. कागदासकट."

तो कागदाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता कान चोळणार. त्यानं कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी केली आणि आत गेला. 'बरं' नाही, 'नको' नाही. तेव्हाच मी पैज जिंकली असं पोरींना जाहीर केलं.

शुक्रवारचं सगळं केरबानं मागाहून आण्णांना सांगितलं, नेहमीसारखं दोन शेतांपलीकडं ऐकू जाईल असं. सकाळी हंबीरराव काचेच्या खोलीत शिरले, चपलांसकट. "दस्तगीर, बेळगावची पार्टी बोंबलतीया. माल कुठनं धाडायचा, इचार की तुझ्या मशीनला!" हंबीररावांची खात्रीच होती, की त्या डब्याला सगळं कळतं. दस्तगीरनं बेळगावच्या सहा महिन्यांच्या खेपा छापून काढल्या आणि तो लांबलचक कागद घेऊन, अनवाणीच, ट्रक उभे असतात तिथं गेला.

"केरबा, तुम्ही नेसरीवरनं बेळगावला कुठनं जाता?"

केरबाचं पान तोंडात राहिलं. "मी कशाला जातोय नेसरीला?"

"खेपेला तीस किलोमीटर जास्त."

"आयला, तुमचं यंतर चुगल्या करतंय व्हय! कवापास्नं ठावं हाय?"

"जानेवारीपासून."

"आनि मालकास्नी?"

"त्यांनी विचारलं नाही."

केरबा आण्णांना म्हणाला, त्याला वाटलं हा आता काहीतरी मागणार. मागितलंच. तारेचा कागद दाखवला आणि म्हणाला, "मला घेऊन चला." मागं 'जर' नाही, पुढं 'तर' नाही. केरबानं त्याला दंडाला धरून गाडीत चढवलं. डिस्पॅचच्या कागदावर ठिकाण लिहिलं, नेसरी. हंबीरराव दुपारी ते वाचून ओरडले, "नेसरीत आपलं कोन गिऱ्हाईक हाय रे?" तोवर ट्रक उत्तूरच्या पुढं.

नेसरीच्या पुढं गाड्या अडवत होते, ट्रक नेण्यात अर्थ नव्हता. पण केरबाचा मेव्हणा गुंडू सीमेलगतच्या गावातून रोज सायकलवरून बेळगावात दूध घालायचा. दूध कुणी अडवत नाही. मोर्चेवाल्यांना चहा लागतो, पोलिसांनाही लागतो. केरबानं रात्रीच त्याला गुंडूकडं पोचवलं, आणि शनिवारी फटफटताना गुंडूनं दस्तगीरला एक सायकल आणि दोन कॅन दिले. दहा-बारा मैल. हा बाबा काचेच्या खोलीतला. पहिल्याच उतारावर आडवा झाला, मग एका ओढ्यापाशी परत. एक कॅन तिथंच रिकामा. गुंडू म्हणे शिव्या देऊन दमला.

नाक्याच्या अलीकडं मोर्चातल्या पोरांनी अडवलं. "कोन रं तुमी?"

"दूध," दस्तगीर म्हणाला.

पलीकडं पोलिसानं काठी आडवी धरली आणि कानडीत विचारलं.

"हालु," दस्तगीर म्हणाला. कानडीतलं दूध.

बायकोचं माहेर कुठल्या भाषेत, हे सांगायला ज्याला तीन वाक्यं पुरली नव्हती, तो दोन सरकारांच्या मधून दोन शब्दांत पार झाला. शौर्य वगैरे काही नाही. मोठं वाक्य बोलायला त्याच्या छातीत दमच उरला नव्हता. दवाखान्यात नर्सनं त्याला रतीबवाला समजून मागच्या दारानं भटारखान्यात पाठवलं. तिथून ओरडाआरडा करून, म्हणजे त्याच्या मानानं ओरडाआरडा करून, तो वर पोचला. ऑपरेशनला अर्धा तास होता. त्यानं दुधाळ हातानं सही केली. मुलगी झाली, आणि सलिमाला शुद्ध आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुमच्या अंगाला दुधाचा वास का येतोय?"

आठ दिवसांनी तो गेला तसाच परत आला, गुडघे सोललेले, हातात पेढ्यांचा पुडा. इमामबीचाचीनं दारातच त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच त्याला धरून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी तालमीत बाळासोचा सत्कार होता. बाळासो सत्याग्रहाला गेला होता. कागलपर्यंत. तिथं एका हवालदारानं "घरला जावा" म्हटलं, आणि धावपळीत बाळासोची एक चप्पल गेली. एवढ्यावर हार. एका पायात चप्पल, एका पायात नाही, अशा अवस्थेत तो भाषणाला उभा राहिला, "बंधूंनो, काठी डोक्यावर हुती, पर म्या म्हटलं..." आणि दर वाक्याला अनवाणी पाय पोटरीला घासत होता, बगळ्यासारखा. आवाज भरून आणत होता, तो भरता भरता फुटत होता. अशी नक्कल दहा वर्षांत एकदा मिळते! भाषण संपायच्या आत पोरी मला ढोसायला लागल्या, "कर की गं, कर की!" माझा पाय आपोआप वर यायला लागला.

दस्तगीर पेढे वाटत आमच्यापर्यंत आला. माझ्या हातावर पेढा ठेवला.

"बावीस दिवस राहिले," म्हणाला, आणि पुढच्या पोरीकडं वळला.