काशीत सोडलेलं रामफळ

काशीला आलं की आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची, ही जुनी रीत. पण लोक भारी बिलंदर! पंचगंगा घाटावर ओंजळीत पाणी घेऊन कोणी कारलं सोडतं, कोणी दुधी. ढुंढिराज गुरुजी मुकाट्याने सगळ्यांचा संकल्प सांगतात. पोट चालायला हवं ना!

खरं सोडलं ते त्यांच्याच बायकोने. अंबिका निफाडकडची. गोदाकाठी वडिलांचा द्राक्षमळा, आणि त्याच्या बांधावर एक रामफळाचं झाड. तिचा जीव त्या झाडात. नवी नवरी होऊन काशीत बालाजी घाटावर सासरी आली आणि भाबडेपणाने रामफळ सोडून बसली. सासूने कपाळावर हात मारला, "अगं वेडाबाई, भोपळा तरी सोडायचास!" माहेरचे हसतील म्हणून तिकडे ती कधी बोलली नाही. केस पांढरे झाले, पण नेम मोडला नाही.

यंदा फाल्गुनात धाकटा भाऊ रत्नाकर यात्रेला आला. पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं रामफळ काढून म्हणाला, "घे ताई. शेवटचंच. झाडाची सावली द्राक्षांवर पडते. घरी गेलो की तोडतो."

"तोडतोस?"

"मग खायचं कोणी? पोरं तोंड लावत नाहीत. तू तरी कधी 'पाठव' म्हणालीस?"

अंबिकेने फळ नाकाशी धरलं, डोळे मिटले. एक घास खाल्ला तर कोण बघतंय? पण नाही म्हणजे नाही! फळ भावाच्या हातात परत देऊन तिने सगळं खरं सांगून टाकलं. रत्नाकर हसला नाही. त्याने फळ पुन्हा पंच्यात गुंडाळून ठेवलं.

सकाळी घाटावर गुरुजींनी मेहुण्याच्या ओंजळीत पाणी घातलं. "बोला रत्नाकर, काय सोडताय?"

"कारलं."

"मेल्या, कारलं तू जन्मात कधी खाल्लंयस?" अंबिका सगळ्या घाटादेखत कडाडली. "सोडायचंच असेल तर ते झाड तोडायचं सोड!"

गुरुजी गांगरले. असला संकल्प त्यांनी उभ्या आयुष्यात सांगितला नव्हता. रत्नाकरने बहिणीकडे बघत ओंजळ रिकामी केली. "सोडलं, ताई."

पायरीवर बसून तिने त्याच्या पंच्यातलं रामफळ फोडलं आणि भावाला आपल्या हाताने भरवलं. तो खात होता, ती डोळे पुसत त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"सालीजवळ रवाळ लागतं ना रे अजून?"

"लागतं, ताई. तस्संच लागतं."