खडूचे गोल

उद्या घर विकत घेणाऱ्यांचा तपासनीस येणार, म्हणून मुलाने ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवलं. त्याच्या गवंडी बापाने ते एकट्याने मागे ओढलं. "चाळीस वर्षं लोकांच्या भिंती बांधल्या, कुठे झाकपाक केली नाही. आता स्वतःच्या घरात करू?" हाताखालच्यांच्या चुकांवर काढायचा तसा त्याने ओलीभोवती खडूने गोल काढला. मग गळक्या नळापाशी, तडकलेल्या फरशीवरही.

"बाबा, आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेताय."

"पाय माझा आहे."

दुसऱ्या दिवशी तपासनीस तासभर फिरला. गोलांबाहेर काही सापडेना, तेव्हा मधली भिंत ठोकत बसला.

"ठोका," म्हातारा म्हणाला. "माझ्या हातची आहे. तुमचा हात दुखला की सांगा, चहा टाकतो."