ओमुरझाकची पाठ आणि परका हात

आमच्या खोऱ्यात घरं डोंगराकडे तोंड करून बांधतात आणि ओमुरझाक लोकांकडे पाठ करून बसतो. ही त्याची जुनी बैठक. हा माणूस कुणापुढे हात पसरत नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ती गावभर पसरवण्यासाठीही त्याने कुणाची मदत घेतली नव्हती. ते काम तो स्वतःच करायचा. घोड्याला नाल स्वतः ठोकायचा, फाटलेला बूट स्वतः शिवायचा, आणि मेंढ्यांच्या कातरीने स्वतःचे केससुद्धा स्वतःच कापायचा. डोक्यावर कल्पाकची उंच टोपी असेपर्यंत त्या कापणीची कुणाला बाधा होत नसे.

गावच्या हमामात पुरुष ओळीने बसतात, पुढच्याची पाठ मागचा चोळतो, मग सगळे वळतात आणि केलेल्या उपकाराची फेड होते. इतका स्वस्त न्याय आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच कचेरीत मिळत नाही. ओमुरझाक मात्र भिंतीला टेकून एकटा बसायचा आणि वाफेतून ऐकवायचा, की पाठ चोळून घेणारा गडी आणि कातरणीला आडवी पाडलेली मेंढी यांच्यात फरक एवढाच, की मेंढीला लाज वाटते. हे तो नेमकं ताश्तानकडे बघून म्हणायचा. ताश्तान आणि तो एकाच वसंतात जन्मलेले. आमच्यात बरोबरीच्यांनी एकमेकांना काहीही बोलावं आणि समोरच्याने राग धरू नये, असा रिवाज आहे. ताश्तानने रिवाज पाळला. राग मुळीच धरला नाही. फक्त वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं.

खरी गोष्ट अशी, की ओमुरझाकची बायको अनारा रोज संध्याकाळी दार लावून घेऊन त्याच्या पाठीला मेंढीची चरबी चोळायची. लग्न झाल्यापासून. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात अनारा गेली. बर्फ वितळलं, नदी मोकळी झाली, कुरणांना कोंब फुटले, आणि ओमुरझाकची पाठ मात्र दुष्काळात तळं आटावं तशी आटत गेली. आधी कातडी कोरडी पडली, मग तिला भेगा गेल्या, मग खवले धरले. येता-जाता तो दाराच्या चौकटीला पाठ घासायचा. कुणी पाहिलं तर म्हणायचा, चौकट ढिली झालीय का ते बघतोय. त्या वर्षी गावातल्या सगळ्यात जास्त तपासल्या गेलेल्या चौकटी त्याच्या घरच्या होत्या.

वसंतात नर्सबाई सोनून ओमुरझाकच्या नातवाला लस टोचायला आली आणि तिला म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर रक्ताचे ठिपके दिसले. तिने सदरा काढायला लावला. मग पिशवीतून पांढऱ्या लोशनची मोठी बाटली काढून चुलीजवळ ठेवली आणि सांगितलं, की सकाळ-संध्याकाळ सगळ्या पाठीला लावायचं, बोटभरही जागा सोडायची नाही. कळप डोंगरावर निघायच्या आधी ती पुन्हा येणार होती. तोवर भेगा बुजल्या नाहीत, तर ती मेंढ्यांच्या मालकांना तसं सांगणार होती. वर वारा, धूळ आणि घाम. गेल्या साली पलीकडच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ अशाच चिघळलेल्या जखमेपायी तापाने फणफणला आणि त्याला घोड्यावर आडवा बांधून खाली आणावा लागला होता.

"लावणार कोण?" तिने विचारलं.

"मला हात आहेत," ओमुरझाक म्हणाला.

सोनूनने त्याचे हात पाहिले, पाठ पाहिली, आणि पुढच्या गावाला निघून गेली.

आता हे डोंगरावर जाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. गावाचा कळप घेऊन उन्हाळी कुरणावर ओमुरझाकच जायचा. हिवाळाभर तो चुलीशी बसायचा ते केवळ वर जायची वाट बघत. वर त्याचा लोकरीच्या नमद्याचा तंबू, वर त्याचा ओढा, वर सकाळी गवतावरचं दव उन्हात वाफ होऊन उडतं तेव्हा त्याच्या तोंडून निघणारा तो एक हुंकार. अनारा गेल्यावर खालच्या घरात त्याचं मन लागत नव्हतं. वर जायला मिळालं नाही, तर हा माणूस उन्हाळा काढणार नाही, हे आम्ही सगळे समजून होतो. मालकांनी एकमताने ठरवलं, की पाठ बरी झाली तर ओमुरझाक, नाही तर ताश्तान. मालक लोक फार दयाळू. त्यांना म्हाताऱ्याची काळजी होती, आणि म्हाताऱ्यावाचून वर राहणाऱ्या मेंढ्यांची जरा जास्त होती.

घरात होतं कोण? मुलगा रशियात इमारतींवर विटा चढवतो. इथे सून बेरमेत आणि पाळण्यातलं पोर. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडे पाठ करत नाही, खोलीतून जाताना उलट्या पावली जाते. सासऱ्याने सुनेला उघडी पाठ दाखवावी की नाही, याबद्दल पूर्वजांनी काही सांगितलेलं नाही. असला प्रश्न पडणारा सासरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला नसावा. मी शेजारी, पण वयाने लहान. वडीलधाऱ्याच्या पाठीला हात लावायचा तर त्याने आपल्या तोंडाने सांगावं लागतं. आणि सांगता आलं असतं तर मग तो ओमुरझाक कसला. राहता राहिला ताश्तान. बरोबरीचा माणूस, त्याच्यापुढे लाज कसली? पण म्हाताऱ्याची पाठ बरी न झाल्याने ज्याचा फायदा, त्याच्याच हाती बाटली द्यायची, म्हणजे लांडग्याला कोकराचं आंग चाटायला बोलावणं.

तेव्हा ओमुरझाक एकटाच कामाला लागला. खांद्यावरून हात नेला तर वरचा भाग मिळे, कमरेकडून नेला तर खालचा. मधे एका भाकरीएवढी जागा उरे, आणि सगळी खाज तिथेच वस्तीला. मग त्याने चाबकाच्या दांड्याला फडकं बांधलं. फडकं बाटलीतलं लोशन पिऊन तृप्त झालं, पाठ उपाशी राहिली. मग त्याने कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळायचा लाकडी दांडा घेतला. त्याने जरा जमलं. दांडा त्याने धुतला असं तो म्हणतो. त्या आठवड्यात त्याच्या घरी कुमीस प्यायलेल्या पाहुण्यांनी घोड्यांना यंदा वेगळंच गवत मिळालं दिसतं, असं अदबीने सांगितलं आणि दुसरा वाडगा घेतला नाही.

शेवटी त्याला मोठी युक्ती सुचली. बेरमेतने त्या वर्षी नवा शिर्दाक शिवला होता. काळ्या नमद्यावर लाल मेंढशिंगांची नक्षी, टाके असे बारीक की सुई दमावी. तो गालिचा तिने गोठ्यातल्या भिंतीवर वाऱ्याला टांगला होता. नमदा खरखरीत, भिंत सरळ, गोठ्यात मेंढ्यांशिवाय कुणी नाही. ओमुरझाकने लोशन तळव्याने गालिच्यावर फासलं, सदरा काढला, आणि घोडा खुंटाला घासतो तसा पाठ घासू लागला. अहाहा, काय तो आनंद. त्या भाकरीएवढ्या जागेलाही अनारा गेल्यापासून पहिल्यांदा न्याय मिळाला. सकाळ-संध्याकाळ तो गोठ्यात जायचा आणि परत येताना असा चालायचा, जणू गावाला नवा रस्ता बांधून आला.

शिर्दाकला पाण्या-तेलाने काही होत नाही, हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत. अनाराने शिवलेल्या गालिच्यावर आयुष्यभर चहा, चरबी आणि पोरांचा मूत सांडला होता, रंग कधी हलला नव्हता. पण अनारा रंग डोंगरातल्या मुळ्या उकळून काढायची. बेरमेतचा लाल रंग बाजारातल्या पुडीतला होता. ओमुरझाकला हे कुणी सांगितलं नाही, कारण त्याने कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. आणि माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही देवाने केलेली मोठी सोय आहे.

कळप निघायच्या आधी सोनून आली. दवाखान्याच्या ओट्यावर मालक लोक जमले होते, ताश्तानही होता. ओमुरझाक ताठ मानेने आत गेला, जाता जाता ताश्तानला म्हणाला, की उन्हाळ्यात खाली बसून करमलं नाही तर बायकांबरोबर लोकर पिंजत जा. आत त्याने सदरा काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग सोनूनने दार उघडून ताश्तानला आत बोलावलं. त्याच्यामागून मी शिरलो, कारण मला कुणी अडवलं नाही.

ओमुरझाकच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल मेंढशिंगं उमटली होती. जोडीजोडीने, एकमेकांकडे वळलेली. मधल्या भेगा रंगाने भरून अजूनच सुजल्या होत्या. कडा चिघळल्या होत्या. मी मोठमोठ्या घरचे शिर्दाक पाहिले आहेत, पण इतका जिवंत एकही नाही.

ताश्तान हसेल असं मला वाटलं. त्याला तो हक्क होता आणि कारणही जुनं होतं. तो पाठीला प्रदक्षिणा घालावी तसा एकदा इकडून, एकदा तिकडून पाहून आला.

"काय बघतोयस?" ओमुरझाक भिंतीला म्हणाला.

"तुझी सून चांगली शिवते," ताश्तान म्हणाला.

ओमुरझाकला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे कान पाठीच्या रंगाचे झाले. सोनूनने मग शांतपणे निकाल सांगितला. कळप ताश्तानच्या हाती जाईल. ओमुरझाक वर जाऊ शकेल, पण एकटा नाही. सकाळ-संध्याकाळ नीट लोशन लावायला कबूल होणारा कुणी बरोबर असेल, तरच. एवढं बोलून ती हात धुवायला गेली. शहाणी बाई. तिला माहीत होतं, की आता जे व्हायचं ते बाईमाणसासमोर होणार नाही.

ओमुरझाक भिंतीकडेच बघत होता. खिडकीतून वरचे डोंगर दिसत होते, बर्फाची रेघ वर सरकलेली, खाली हिरवळीचा पहिला पदर. बाहेर मालकांची घोडी फुरफुरत होती. ताश्तानच्या हाताखालचा गडी होऊन जायचं, किंवा पाठीवरची नक्षी आणि अब्रू दोन्ही घेऊन चुलीशी बसायचं. श्वासागणिक पाठीवरची ती शिंगं आत-बाहेर हलत होती.

"ताश्तान," तो शेवटी म्हणाला, "माझा हात पोचत नाही."

ताश्तानने बाटली उचलली, झाकण काढलं, लोशन तळव्यावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले.

"कुणाचा पोचतो, लेका?" तो म्हणाला. "वाक जरा."

बाहेर येऊन ओमुरझाकने मालकांना सांगितलं, की ताश्तान बिचारा वर नवा आहे, त्याला एकट्याला सोडवत नाही, म्हणून आपण सोबतीला जातोय. मालकांनी त्याच्या मोठ्या मनाची वाखाणणी केली. ताश्तानही मान डोलवत होता.

निघायच्या दिवशी बेरमेतने तळलेल्या बोरसोकची पुरचुंडी खोगिराला बांधून दिली. तो गालिचा तिने नदीवर घासून आणला होता, तरी नक्षीच्या मधोमध एक फिकट, रुंद डाग राहिला होताच, माणसाच्या पाठीएवढा. ती मान खाली घालून दाराआडून हळूच म्हणाली, "मामंजी, पुन्हा कधी लागलाच तर सासूबाईंचा घ्या. त्याचा रंग जात नाही." अनाराचा तो जुना शिर्दाक म्हाताऱ्याने तंबूसाठी बरोबर घेतला.

भर उन्हाळ्यात मी मीठ आणि पीठ पोचवायला वर गेलो. संध्याकाळ होती. कळप उतारावरून ओघळत खाली येत होता, धूर ओढ्यावर आडवा पसरला होता. तंबूसमोरच्या दगडावर ओमुरझाक उघडा बसला होता, मागे ताश्तान बाटली घेऊन. ओमुरझाकची बडबड चालू होती. वर, अजून वर, अरे डावीकडे, तुला डावं कळतं का, मेंढ्या तरी कशा हाकतोस तू. ताश्तान निमूट चोळत होता.

मी वळसा घालून मागे गेलो आणि पाहिलं. पाठ बरी झाली होती. आज-काल नव्हे, कधीचीच. एक भेग नाही, एक खवला नाही, म्हाताऱ्या घोड्याच्या पुठ्ठ्यासारखी गुळगुळीत. मी ताश्तानकडे बघितलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. पाठ बरी झाली म्हटलं तर हा सकाळीच कळप परत मागेल, हे मलाही समजलं. सोनूनबाई तर शरदाआधी वर येत नाही.

"किती राहिलंय?" ओमुरझाकने विचारलं.

"आहे अजून," ताश्तान म्हणाला. "मधे, भाकरीएवढं."

खाज थांबली की नाही, हे ज्याची पाठ त्याला कळतंच. ओमुरझाकने कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवला, खांदे सैल सोडले आणि मान पुढे झुकवली.

"मग नीट लाव," तो म्हणाला. "घाई कसली आहे तुला."