आईने चातुर्मासात सोडलेली गोष्ट

बाबा सकाळी वारज्याच्या टेकडीवर फिरायला गेले आणि तिथेच कोसळले. कुणा अनोळखी माणसाने त्यांच्याच मोबाइलवरून घरी फोन लावला. आईच्या स्क्रीनवर नाव उमटलं, 'अहो'. तिने फोन उचलला आणि समोरच्याला बोलू न देता म्हणाली, "अहो, येताना कोथिंबीर आणा." पलीकडून परका आवाज आला, "काकू, मी..."

तेव्हापासून फोन वाजला की आईचे हातपाय गार पडायचे. पुढे तो न वाजताही वाजू लागला. भाजी चिरता चिरता ती थबकायची आणि म्हणायची, "फोन घे गं." फोन ओट्यावर गप्प पडलेला असायचा. मला तिची भीती वाटायची. त्याहून मोठी भीती ही, की एक दिवस मलाही तो ऐकू येईल.

नेहमीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. तिच्यामुळे आई थोड्याच वेळात शांत व्हायची, इतकी की जेवताना पेंगायची. असर उतरला की भीती पुन्हा हजर. मग मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ती गोळी तात्पुरती, रोज घेतली तर तिचीच सवय लागते. त्यांनी डिप्रेशनवरची एक जुनी गोळी सुरू केली. भीती थोडी ओसरली, पण आईच्या तोंडाला कोरड पडायची आणि उठलं की चक्कर यायची.

"पण मला कुठे डिप्रेशन आहे? मला नुसती भीती वाटते," आई चिडून म्हणाली.

"अहो बाई, पाकिटावर काय लिहिलंय ते गोळीला वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी गोळी बदलली आणि समजावलं. मेंदूतल्या पेशी निरोप पाठवायला सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि ते लगेच परत ओढून घेतात. नवी गोळी ते ओढणं कमी करते. त्याने भीती नेमकी कशी निवते, ते अजून पुरतं कळलेलं नाही. दोन रसायनांवर काम करणारा आणखी एक प्रकार आहे, पण त्याने काहींचं ब्लडप्रेशर चढतं आणि आईचं आधीच चढलेलं. "सुरुवातीला भीती वाढेल, काही आठवडे दम धरा," त्यांनी बजावलं.

वाढली. आई घरभर येरझारा घालायची. मग हळूहळू तिला झोप लागू लागली, आणि एक दिवस फोन वाजत असताना ती शांतपणे पोळी उलटत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पाहिलं आणि मला रडू आलं.

त्याच सुमारास खराडीच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, मला फोन ऐकू आला. बाकी कुणालाच नाही. छाती धडधडायला लागली, घाम फुटला. मी त्याच डॉक्टरांकडे गेले आणि मलाही तीच गोळी सुरू झाली. पाकीट लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलं. आईला कळलं असतं तर तिने स्वतःला दोष दिला असता.

आमच्याकडे चातुर्मासात एक गोष्ट सोडतात. आई दरवर्षी वांगं सोडते. वांगं तिला मुळात आवडत नाही, त्यामुळे देवाची फसवणूक बिनबोभाट पार पडते. त्या वर्षी मात्र म्हणाली, "सोडलंय काहीतरी. सांगायचं नसतं."

काही दिवसांत तिला गरगरायला लागलं. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, म्हणायची. उगाच रडायची. फोन पुन्हा वाजू लागला. गोळी हरली असं मला वाटलं. एका संध्याकाळी मी घरी आले तर दार सताड उघडं. आई हायवेच्या कडेला सापडली. पायात घरातल्या सपाता, कानाला मोबाइल, बाजूने ट्रक सुसाट चाललेले. "ह्यांचा फोन होता. टेकडीवर बसलेत, न्यायला ये म्हणाले."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेताय ना?"

आई खाली बघत म्हणाली, "चातुर्मासात वांग्याऐवजी तीच सोडलीय. हिच्या बॅगेत तीच गोळी दिसली. हिची सुटावी म्हणून मी माझी सोडली."

मी तिथेच हमसून रडले. डॉक्टर म्हणाल्या, "ही गोळी अशी एकदम तोडायची नसते. कमी करायची ती हळूहळू, मला विचारून. देवाला वांगं चालतं, तेच द्या."

आता सकाळच्या चहानंतर आम्ही समोरासमोर बसून गोळ्या घेतो. तिने गिळली का ते मी बघते, मी गिळली का ते ती. फोन पुरता थांबलेला नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये वाजावा तसा लांबून येतो आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

यंदा चातुर्मास लागला त्या दिवशी मी ऑफिसात होते. मोबाइल खरंच वाजला. स्क्रीनवर 'आई'. काय सोडलं असेल हिने?

"यंदा काही सोडत नाही," आई म्हणाली. "येताना कोथिंबीर आण."

बाबा गेले त्या सकाळनंतर आमच्या घरात कोथिंबीर आली नव्हती. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, कुणाचा आवाज येतो याची ती वाट बघत होती. उशीर करून चालणार नव्हतं.

"हो आई," मी म्हणाले. "मीच बोलतेय. आणते."