तुळशीराम, फकिराचा घरजावई

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढली नाही. बायकोजवळ नाही, नमाजला शेजारी उभ्या राहणाऱ्या दोस्ताजवळ नाही, अन् ज्याच्याजवळ काढायला पाहिजे होती त्याच्याजवळ तर नाहीच नाही. मग तुमच्याजवळ काऊन? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर "या हनीफ मास्तर, बसा" म्हणून खुर्ची पुढं केली असती, अन् खुर्ची मिळाली की माझं तोंड बंद होतं. नऊ वर्षं असंच चाललंय.

आधी मी कोण ते सांगतो. कुरखेड्याच्या बाजूला एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. वडील शिंपी. आमचं घर इथं तीन पिढ्यांचं, पण कोणाशी थोडं वाजलं की "तुमी तं बाहेरचे" हे ठरलेलं. लहानपणापासून ऐकलं. मग मला मोडी लिपी आली — अन् सगळं बदललं. जुन्या जमीनदारीत काम केलेले एक म्हातारे दिवाणजी होते, त्यांनी शिकवली. जमीनदाराच्या नातवांनी भाताच्या कोठीत पडलेले वह्यांचे बस्ते माझ्या घरी आणून टाकले — वाळवीच्या तोंडी जाण्यापेक्षा मास्तरच्या घरी बरे! त्या दिवसापासून गावोगावची माणसं माझ्या दारात. "मास्तर, माह्या आज्याचं नाव पाहा." "मास्तर, आमची बांधी कोणाच्या नावानं होती?" बांधी म्हणजे आमच्याकडं धानाचं वावर. ज्यांच्या बापांनी माझ्या बापाला बाहेरचा म्हटलं, तेच आता आपण इथले कधीपासूनचे ते मला विचारायला येत. छाती फुगणार नाही तर काय होईल? फुगली. चांगली टम्म फुगली.

तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा मुद्द्यावर काऊन येत नाही. येतो. मलाही यायचंच आहे — पण पाय मागं ओढतात, काय करू?

जंगलाला लागून पिढ्यान् पिढ्या कसत आलेल्या जमिनीचा पट्टा मिळतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. आदिवासी नसलेल्या माणसाला मात्र आपलं घराणं तीन पिढ्यांपासून इथलंच आहे हे दाखवावं लागतं. अन् दाखवणार कुठून? गरिबाच्या घरी कागद कुठला? कागद होते जमीनदाराचे. म्हणजे माझ्या घरी. दशरथ त्यासाठीच आला. जातीनं ढिवर, म्हणजे आदिवासी नाही; तलावाच्या मागची तीन एकर बांधी कसायचा, म्हातारी माय अन् तो. आज्याचं नाव तुळशीराम, एवढंच त्याला माहीत. बांधी आज्याची, हे सारं गाव सांगत होतं. फक्त कागद पाहिजे होता.

मी जमाबंदीची वही काढली. वसूल कोणाकडून, कोणत्या वावराचा, ती वही. तलावामागची ती बांधी सापडली — पण नाव फकिराचं. आडनाव दुसरंच. पुढं दोन वर्षांनी फकिराच्या नावावर रेघ, अन् बाजूला लिहिलेलं: पुत्र नाही. तुळशीराम कुठंच नाही. झालं! माझ्या डोक्यात चित्र तयार — फकिरा निपुत्रिक मेला, बांधी पडीत पडली, अन् मागून कोणीतरी येऊन बसलं. किती सोपं, नाही का? वही मिटली.

पट्ट्याच्या सुनावणीच्या चार दिवस आधी दशरथची माय, मैनाबाई, एकटीच माझ्या घरी आली. खुर्चीत बसली नाही. उंबऱ्याजवळ खालीच बसली, अन् पदर तोंडाला लावून बोलली, जसं काही चोरीची गोष्ट सांगते.

"मास्तर, गावात कोणाले मालूम नाई. दशरथलेई नाई सांगतलं मी. माहा सासरा फकिराचा घरजावई होता. लोकं लय चिडवत त्याले — सासऱ्याच्या तुकड्यावर जगते म्हणून. त्यानं मरतेवेळी सांगून ठेवलं का हे नाव घरात काढाचं नाई. म्हणून कोणी काढलं नाई, बापा. तुमी पाहा, कुठी असंन तं."

घरजावई. आमच्याकडं हा शब्द माणसाला आयुष्यभर चिकटतो. वरातीत चिडवतात, पाणवठ्यावर चिडवतात, भांडणात तर पहिला तोच शब्द बाहेर. पोरगी एकुलती, बांधी मोठी, हात कमी — म्हणून सासऱ्यानं जावई घरी ठेवून घ्यायचा अन् त्यानं बैलासारखं राबायचं, ही रीत गावोगाव होती. इतिहासाच्या मास्तरला हे माहीत नसावं? माहीत होतं. तिनं मला कुलपाची किल्ली हातात आणून दिली होती. अन् मी काय म्हटलं? "बाई, तोंडी गोष्टीले तिथी कोणी विचारत नाई. कागदात पायजे." ती उठली, "बराबर आहे, मास्तर," म्हणाली, अन् पायी चार कोस परत गेली.

कागदात पाहिजे! अन् कागद मी पाहिले होते का सगळे? नाही. बेगारीच्या वह्या मी कधी उघडतच नव्हतो. जमीनदार रयतेकडून फुकटात जी कामं घ्यायचा — तलावाच्या पाळीवर माती टाक, त्याची लाकडं वाहा, पाहुण्याची डोली उचल — त्याच्या त्या वह्या. कोणी किती टोपल्या माती टाकली, यात काय पाहायचं? असं मी म्हणायचो. लोकांसमोर म्हणायचो, हसून. अहो, त्या काळी बांधी टिकायची ती पाळीवर माती टाकण्याच्या बदल्यात! ज्याच्या घरचा माणूस बेगारीला गेला नाही त्याची बांधी गेली. हे मी पोरांना वर्गात शिकवलंय. फळ्यावर लिहून शिकवलंय.

सुनावणी झाली. मोठे साहेब, दोन-तीन खात्यांची माणसं, अन् मी — जाणकार म्हणून बोलावलेला. चहा आधी माझ्यासमोर ठेवला. जंगलवाल्यांचं म्हणणं, हे मागून केलेलं अतिक्रमण. साहेब माझ्याकडं वळले, "मास्तर, वही काय म्हणते?" वहीत तुळशीरामचं नाव नाही, एवढंच मी म्हणायचं होतं. तेवढं खरं होतं. पण मी थांबलो नाही. थांबवतच नव्हतं ना! फकिराचं नाव, रेघ, पुत्र नाही — सगळं वाचून दाखवलं, बोट ठेवून, वर्गात शिकवल्यासारखं. अन् शेवटी, कोणी न विचारता, माझ्या या तोंडानं म्हटलं — "हे कुटुंब मागून बाहेरून आलेलं दिसतं."

बाहेरून आलेलं. मी म्हटलं हे. मी!

दशरथ समोर उभा होता. माझ्या पुढ्यातल्या वहीकडं पाहत राहिला. त्याला मोडीतलं एक अक्षर येत नव्हतं.

पण हीही माझी कबुली नाही. इथवर जे झालं ते घाईनं झालं, मस्तीनं झालं — चूक म्हणता येईल. चुका सगळ्यांच्या होतात. मी सांगायला बसलोय ते याच्या पुढचं आहे.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारची वेळ. मैनाबाईचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं म्हणून म्हणा, की दुसरं काम नव्हतं म्हणून म्हणा — मी बेगारीचा बस्ता सोडला. तिसऱ्या वहीत होतं. स्वच्छ अक्षर, शाई जराही उडालेली नाही: "तुळशीराम, फकिरा याचा घरजावई. फकिरा थकल्याने त्याचे ऐवजी पाळीवर माती टाकतो. तलावामागील बांधी याजकडेच." पुढच्या सहा वर्षांच्या वह्यांत दरसाल तेच. तुळशीराम, तुळशीराम, तुळशीराम. त्यानंतरच्या वहीत त्याच्यासोबत मुलगा सोमा. सोमा म्हणजे दशरथचा बाप.

तीन पिढ्या. एका बस्त्यात. आणखी काय पाहिजे होतं?

दशरथचा दावा फेटाळला होता, पण अपिलाची मुदत अजून बाकी होती. वही काखेत मारून साहेबांकडं जायचं, अन् म्हणायचं, "साहेब, मी चुकलो." तीनच शब्द. मी उठलोसुद्धा. टोपी घातली, वही पिशवीत टाकली. अन् मग डोळ्यासमोर ते ऑफिस आलं. साहेबानं माझं नाव शेजारच्या तालुक्यांत कळवलं होतं, तिथून बोलावणी येत होती. आता तेच म्हणणार — याला धड वाचता येत नाही काय? बेगारीच्या वह्या पाहिल्याच नाहीत? मागचे सगळे निकाल तपासा रे याचे! अन् गावात कोणीतरी हसून म्हणणारच, "बाहेरचाच तो, त्याले काय मालूम आपलं." टोपी काढली. उद्या जाऊ म्हटलं. तुम्हाला माहीत आहे ना, असा उद्या कधी येत नाही?

अन् दोन दिवसांनी दशरथ स्वतःच आला. अपिलाचं विचारायला. ती पिशवी खुंटीला टांगलेली, वही तिच्यातच — त्याच्या डोक्याच्या वर हातभर.

"मास्तर, आनखी कुठी काई सापडंन का?"

मी म्हटलं, "सगळं पाहून झालं, दशरथ. कुठंच काई नाई."

हेच ते. हेच सांगायचं होतं. ही चूक नव्हती, घाई नव्हती. वही डोक्यावर टांगलेली ठेवून, त्याच्या डोळ्यांत पाहून मी खोटं बोललो. मला यातून एक पैसा मिळाला नाही, एक गुंठा मिळाला नाही. नाक वर राहावं म्हणून एका माणसाची बांधी घालवली, बस.

मुदत संपली. जंगलवाले आले, बांधीभोवती नाली खोदली, आत बांबूची रोपं लावली. दशरथ हिवाळा लागला की मिरची तोडायला तेलंगणात जातो — दोन-अडीच महिने दुसऱ्याच्या वावरात, पालाखाली, बोटांची आग आग होत. धानाची बांधी होती तोवर तो कधी गावाबाहेर गेला नव्हता.

मी मनाला काय काय सांगितलं म्हणून विचारू नका. पट्टा असाही मिळाला नसता. साहेबानं बेगारीची वही मानली नसती. बिचारी माणसं, त्यांची घरजावयाची गोष्ट चव्हाट्यावर आली असती, मी तर त्यांची अब्रू वाचवली! — हो, हेसुद्धा सांगितलं. किती हरामखोर असतं माणसाचं मन! आपल्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या अब्रूचं पांघरूण घालतं.

त्यानंतरच्या वर्षी मैनाबाई बाजारात भेटली. शनिवारचा बाजार, ती टोपल्यात मोहफुलं घेऊन बसलेली. मी तोंड चुकवून निघालो होतो, तिनंच हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिनं उलट माझीच समजूत घातली.

"मास्तर, तुमी काऊन मनाले लावून घेता? तुमी तं पाहलं ना सगळं. कागद खोटं बोलत नाई. माहा सासराच खोटं बोलला असंन. आमी बाहेरचेच असू, बापा. त्यानं बांधी बळकावली असंन कोणाची, अन् आमाले घरजावयाची गोष्ट रचून सांगतली. मी येडी, जिंदगीभर खरं मानलं."

मी काय केलं? मान हलवली. हो, हलवली! तुळशीरामनं वर्षानुवर्षं पाळीवर माती टाकली, जन्मभर टोमणे खाल्ले, ती लाज पोटात ठेवून मेला — अन् त्याची सून भर बाजारात त्याला चोर ठरवत होती, अन् मी मान हलवली. मग तिच्याकडून मोहफुलं घेतली. गरज नव्हती, तरी घेतली.

दोन वर्षांनी ती गेली. तसंच समजून गेली. बांधी जाणं एक; पण मेलेल्या सासऱ्याचं खरेपण मी तिच्या पदरातून काढून घेतलं, ते कोणत्या अपिलात मिळणार होतं?

वही अजून माझ्याकडं आहे. आजही ती दशरथच्या हातात देता येते. कायद्यानं आता काही होईल न होईल, आज्याचं नाव तरी त्याला दिसेल. हे मला रोज कळतं. दिली नाही. उद्या देईन असंही तुम्हाला म्हणत नाही, कारण माझा उद्या कसा असतो ते सांगून झालंय. मला माफ करा असंही म्हणत नाही. तुम्ही कोण माफ करणारे?

गेल्या महिन्यात दशरथ मिरचीवरून परतला. बसमधून उतरला, मला चौकात पाहिलं, अन् सामान खाली ठेवून पुढं आला. सोबतच्या माणसांना म्हणाला, "हे आमचे मास्तर. आमच्यासाठी लय वह्या पाहल्या यायनं." मग वाकून त्यानं दोन्ही हातांनी माझे पाय धरले. मी धरू दिले.