एक कोट, एक पासवर्ड

दुकानातले किस्से कोणी जपून ठेवत नाही. ते कोपऱ्यातल्या जुन्या कीबोर्डांसारखे आपोआप साठतात, आणि फेकवतही नाहीत. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मध्यंतरी मी बाहेर बोर्ड लावला, 'नोकरीसाठी प्रोफेशनल प्रोफाइल बनवून मिळेल.' तेव्हाचे किस्से सांगून मी मित्रांना पोट धरून हसवायचो. आता सांगता सांगता मध्येच थांबतो.

*

पहिला नियम, फोटो झकास हवा! माझ्या लग्नातला निळा कोट मी खिळ्याला टांगून ठेवला होता. येईल त्याने तो चढवायचा आणि भिंतीपुढे उभं राहायचं. गिऱ्हाईक किडकिडीत असलं की पाठीमागून कपड्यांचे चिमटे!

एकदा माझ्याकडचे तिघं नागपूरकडच्या एकाच कंपनीत मुलाखतीला गेले. साहेबांनी तिघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ काय?"

एक म्हणाला, "नाई साहेब, चुलतही नाई. फक्त कोट सख्खा हाये!"

साहेब फार हसले म्हणे. घेतलं मात्र कोणालाच नाही.

*

नाचणगावच्या सुनंदाताई नर्स. वीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. मी विचारलं, "ताई, तुम्हाला काय काय येतं?"

"बाळंतपण करतो, टाके घालतो, घाबरलेल्या पोरीले शांत करतो."

मी हे सगळं बाजूला सारलं आणि ऐटीत टाइप केलं, 'टाइम मॅनेजमेंट, टीम प्लेयर, लीडरशिप.' ताईंनी लेकीकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हे वाचून तर मीच मले कामावर ठेवणार नाई!"

खरंच बोलल्या. पण त्या दिवशी मला त्यात नुसता विनोदच दिसला.

*

आता गजानन. हिंगणीचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकायचा आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचा. फॅक्टरी बंद पडली तसा तो माझ्याकडे आला. घरात म्हातारी आई, दोन लेकरं. काम मिळणं भागच होतं.

मी त्याला कोट घातला. 'रिझल्ट ओरिएंटेड' वगैरे ठेवणीतले शब्द काढले. तो म्हणाला, "अबे, आवाजावरून बेअरिंग ओळखतो, हे काऊन नाई लिहिलं?"

"असं नसतं लिहीत रे!"

"लिही ना बे. मले तेवढंच तर येते."

त्याचं मन राखायला मी ती एक ओळ सगळ्यात खाली टाकली.

मग नोकऱ्यांच्या साइटवर नोकरी गेल्याची पोस्ट मी त्याच्या नावाने अशा काही फर्ड्या इंग्रजीत लिहिली, की आमच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी खाली लिहिलं, "हार्दिक अभिनंदन! अशीच प्रगती करत राहा!" त्यांचं पाहून आणखी पंचवीस जणांनी अभिनंदन केलं.

फोटोभोवती मी हिरवं कडंही लावून दिलं. माणूस काम शोधतोय, अशी त्या साइटवरची ती खूण. गजाननच्या आईने फोनवर ते पाहिलं आणि लेकाला नोकरी लागली समजून अख्ख्या गल्लीत पेढे वाटले!

*

आमच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकं पासवर्ड विसरतात, सिम बदलतात, म्हणून सगळ्यांची प्रोफाइलं मी माझ्याच ईमेलवर उघडायचो. पासवर्ड सगळ्यांना एकच. तो भिंतीवर खडूने लिहिलेला!

त्यामुळे गजानन दर शनिवारी वर्ध्याच्या खेपेला दुकानात डोकवायचा. बाकावर बसायचा आणि विचारायचा, "काही आलं काय बे?"

मी फॉर्म भरता भरताच म्हणायचो, "नाई बा. आलं तर सांगतो ना!"

मेल उघडून पाहायचे कष्ट मी एकदाही घेतले नाहीत. हे लिहितानाही लाज वाटते.

*

एका दुपारी ईमेलची जागा संपली. जुने मेसेज पुसायला बसलो, तर एक यवतमाळकडच्या जिनिंग फॅक्टरीचा निघाला. 'आवाजावरून बेअरिंग ओळखणारे तुम्हीच का? लगेच येऊन भेटा.' त्याखाली आठवड्याने आलेला दुसरा, 'तुमचं उत्तर आलं नाही.' दोन्ही चार महिने जुने होते.

तसाच हिंगणीला गेलो. गजानन अंगणात कोणाची तरी पाण्याची मोटार खोलून बसला होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही मेसेज सावकाश वाचले, पुन्हा वाचले.

"शनिवारी मी इचारत होतो ना बे?" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. "तूच लावून देल्लं होतं ना ते हिरवं? बस बाप्पा, चहा घे."

ती आत गेल्यावर गजानन हळूच म्हणाला, "मायले सांगू नोको. त्यायले उत्तर लिही. मेसेज मीच पाह्यला नाई म्हण, माफी माग माह्या नावानं."

तिथेच बसून मी लिहिलं. त्याच्या नावाने, माझ्या ईमेलवरून.

पुढच्या शनिवारी दुकानाचं शटर वर केलं, तर गजानन पायरीवर बसलेला. हाताला ग्रीस तसंच. आत आला, नेहमीच्या बाकावर बसला.

"काही आलं काय बे?"