फोटोत न आलेलं भांडं

हे मी माझ्या लेकीलाही सांगितलेलं नाही. ती रोज फोन करते, गुडघा कसा, साखर कशी, सगळं विचारते. मीही सगळं सांगते — एवढं एक सोडून. आणि श्वेताला तर नाहीच नाही. श्वेता म्हणजे आमच्या गोंदियात रस्त्यावरचे जखमी कुत्रे उचलून आणणारी पोरगी. वडिलांच्या रिकाम्या धान-गोदामात ठेवते त्यांना. जागा पुरत नाही, म्हणून बरे होत आलेले कुत्रे आमच्यासारख्यांच्या घरी पाठवते. तिच्यासोबतची पोरं त्याला फॉस्टर म्हणतात. मी म्हणते माहेरपण. राहा, खा, अंग धर — आणि मग आपल्या घरी जा.

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय आहे? थांबा जरा. मला सरळ बोलता येत नाही, आधी अंगणभर फिरून यावं लागते.

लाल्या आला तेव्हा त्याचा मागचा पाय गाडीखाली चेंगरलेला होता. माझा गुडघाही तेव्हा नवाच बसवलेला. पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला उचलून धरायची, आणि आम्ही दोघं लंगडत लंगडत फाटकापर्यंत जायचो. शेजारीण म्हणायची, "काकी, कोण कोणाला फिरवून राहिलं?" सात महिने. तांदळाची पेज चमच्याने पाजली मी त्याला. उकडलेलं अंडं दिसलं की त्याचं सगळं अंग हलायचं, नुसतं शेपूट नाही.

मग श्वेताने त्याला घर शोधलं. आमगावच्या पलीकडे एका गावात शकुन राहते. भाजीची वाडी, लेक सासरी, घरात एकटीच. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, निळ्या भिंती, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. आमच्यातल्या एक-दोघी कुजबुजल्या — तिथे? त्या घरी? मी म्हटलं, काऊन नाही? द्या. हे म्हणताना मला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं, तेही सांगून टाकते. आज सगळंच सांगायचं आहे तर.

आमच्यात एक रीत आहे. कुत्रा दिल्यावर दोन महिन्यांनी कोणीतरी जाऊन पाहून येते आणि ग्रुपवर फोटो टाकते. मी म्हटलं, मीच जाते. आदल्या दिवशी शकुनला फोन केला. "उद्या येऊन राहिली मी. लाल्याला बांधून ठेव बरं, मला पाहून उडीच घेईल अंगावर, गुडघा नवा आहे माझा." ती हसली. "ठेवतो ना जी काकी."

हे नीट लक्षात ठेवा. बांधून ठेव — हे मी म्हटलं होतं. मी.

डब्यात चार अंडी उकडून नेली. ऑटोत डबा मांडीवर. वाटभर मी त्याची उडी मनात पाहत होते.

सीताफळाच्या झाडाखाली त्याला जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलं होतं. सावली होती. जवळ जर्मनचं, ॲल्युमिनियमचं, पोचे पडलेलं भांडं, पाण्याने भरलेलं. तो उठला. शेपूट हलवलं — ओळखीच्या माणसाला दारातून हात दाखवतात ना, तेवढंच. मी अंडं पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. आधी वळून शकुनकडे पाहिलं. ती म्हणाली, "खा राजा." तेव्हा खाल्लं.

"राजा?" मी विचारलं.

"लाल्या म्हणलं तं पाहेच नाही जी," ती भोळेपणाने म्हणाली. "राजा म्हणलं का कान टवकारते."

लेक सासरी रमली तर आईला बरं वाटायला पाहिजे ना? मीच म्हणत होते ना माहेरपण? पण नाही वाटलं. सात महिने मी त्याला उचलून धरलं, आणि तो दुसऱ्या बाईला विचारून माझ्या हातचं खातो! दगा दिला, असंच वाटलं. एका मुक्या जिवाने मला फसवलं. हसू येते ना? मला तेव्हा रडू येत होतं.

शकुन चहा ठेवायला आत गेली. मी फोन काढला. समोर कुत्रा, गळ्याला काठ, मागे वाडीची पडकी कुडाची भिंत. आणि ते भरलेलं भांडं. मी दोन पावलं सरकले — भांडं फोटोत येऊ नये म्हणून. गुडघा दुखत होता तरी सरकले.

मग तिचा चहा प्याले. आलं घातलं होतं तिने, माझ्यासाठी. आणि परतीच्या ऑटोत बसून ग्रुपवर लिहिलं : दिवसभर बांधलेला असतो. पाणीही नाही.

दुसऱ्याच दिवशी तिघं जाऊन त्याला घेऊन आले. शकुन त्यांना म्हणाली म्हणे, "काऊन नेऊन राहिले जी त्याले? काकींनीच सांगतलं होतं बांधाले." श्वेताने मला फोन केला. मी तांदूळ निवडत होते. "आजी, तुम्ही बांधायला सांगितलं होतं का?"

पाहा, तेव्हाही वेळ होती. एक हो म्हणायचं होतं फक्त. मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी कायले सांगू?"

"तेच म्हटलं मी," श्वेता म्हणाली. झालं. संपलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. काऊन विचारतील? माझं घर स्लॅबचं, तिचं कवेलूचं. माझं आडनाव एक, तिचं दुसरं. कोणाचा शब्द खरा मानला जाईल हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर म्हणाले.

लाल्या माझ्याकडे आला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी फाटकात शकुन उभी. मी ये म्हटलं, ती आत आली नाही. पिशवीतून तेच जर्मनचं भांडं काढलं आणि फाटकाच्या सळ्यांमधून माझ्या हातात दिलं. "याच्यातच खाते तो," म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता — "तुमी म्हणलं नाही म्हणता, तं माह्याच ऐकण्यात चुकलं असन जी."

तो फाटकाला पाय लावून रडत होता. तिने सळीतून हात घालून त्याचं डोकं दाबलं. "राहा राजा," म्हणाली आणि गेली. मी फाटकाची कडी धरून उभी होते. उघडायला नाही. तो जाऊ नये म्हणून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो फोटो श्वेता अजून नवीन पोरांना दाखवते — बघा, अशा घरी कुत्रा द्यायचा नाही. मी तिथेच खुर्चीवर बसलेली असते. पोरं माझ्याकडे आदराने पाहतात. श्वेताने त्यानंतर कवेलूच्या घरी कुत्रा दिलेला मला आठवत नाही.

लाल्या मागच्या हिवाळ्यात गेला. शेवटपर्यंत त्या भांड्यातच जेवला. मी हाक मारली की यायचा, शहाण्यासारखा. एकदा, फक्त एकदा, घरात कोणी नसताना मी त्याला राजा म्हणून पाहिलं. तो ताडकन उठला, सगळं अंग हलवत — आणि माझ्या शेजारून निघून फाटकापाशी जाऊन उभा राहिला.